नावापुरता मेंढपाळ

बुधवारी केंडलहून परतताना
डग्लस खाटकाकडून पाऊण किलो खिमा घेते, बीफचा.
पुडकं बांधता बांधता तो दरवेळी म्हणतो,
"मग हा कॉटेज पाय झाला, बाई.
शेफर्ड्स म्हणायचं तर मेंढी हवी."
मी सुटे पैसे मोजत राहते.
आमच्या घरात त्याला काय म्हणतात
हे त्याच्या पाटीवर मावणारं नाही.

लोखंडी कढईत खिमा आधी रुसतो,
पाणी सोडतो, करडा पडतो.
इथे घाई नको, ढवळाढवळ नको.
आई म्हणायची, एकटं सोड त्याला,
आपसूक तळ धरेल.
मग आवाज बदलतो. भिजकी सरसर जाऊन
वाळल्या पाचोळ्यावर कुणी चालावं तसं होतं.
तेव्हा कांदा. तेव्हा गाजर, नखाएवढं चिरलेलं.
चमचाभर मैदा, वूस्टर सॉसचे चार फटकारे,
थाइमची एक काडी, जी शोधून सापडत नाही
आणि नेमकी बाबांच्याच दातात येते.

बाबा बटाटे सोलतात.
हे काम त्यांनी मागून घेतलंय.
सालं लांबच लांब, न तुटता,
लोकरीसारखी पात्यावरून उतरतात,
आणि एकेक बटाटा पाण्यात सोडताना
ओठातल्या ओठात जुनी मोजणी चालते:
यान, त्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप…
डोंगरावर ती फक्त मेंढ्यांसाठी होती.
वीस झाल्या की खिशात एक खडा,
पुन्हा यान.
बटाटे आठच.
खिसा रिकामा राहतो.

त्या वर्षी लाळ्या-खुरकूत शेजारच्या खोऱ्यात होती.
आमच्यातली एकही लंगडली नव्हती.
तरी पांढऱ्या अंगरख्यांतली माणसं आली,
कागद आला, सही झाली,
आणि बाबांनी स्वतः फाटक उघडून धरलं.
चारशे बारा.
खिशात वीस खडे, वर बारा.
धूर तीन दिवस घरात शिरत होता,
आई खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होती,
मी अकरा वर्षांची, गृहपाठात
हर्डविक मेंढीचं चित्र काढायचं होतं, ते काढत होते.

त्यानंतर या चुलीवर मेंढी शिजली नाही.
कुणी तसं ठरवलं नाही.
एका बुधवारी आईने बीफचा खिमा आणला,
वाफाळतं भांडं मधोमध ठेवून म्हणाली,
"शेफर्ड्स पाय."
बाबांनी तिच्याकडे पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग काटा उचलला.

आता आई नाही. तिची वही आहे,
तीत या पदार्थाचं पानच नाही.
सगळं हाताला ठाऊक:
बटाटे कुस्करताना लोणी आधी, दूध मागून,
आणि दूध गरम.
थर कडेकडून आत लावत यायचा,
मध्यातून सुरू केलं की रस्सा उसळून वर येतो,
झाकलेलं झाकलेलं राहत नाही.

मी काट्याने रेघा ओढणार, तेवढ्यात
बाबा हात पुढे करतात.
चौऱ्याऐंशी वर्षांचा हात, कापतो,
पण काटा टेकला की कापत नाही.
डाव्या अंगाला दोन आडव्या रेघा,
मानेपाशी एक ठिपका.
आमच्या कळपाची खूण.
लोकरीवर ती तांबड्या रंगाने उठवायचे,
लांबून, धुक्यातूनही ओळखू यावी म्हणून.
काटा चाटून ते भांडं जरासं फिरवतात,
ठिपक्याची बाजू डोंगराकडे.

पस्तीस मिनिटं.
रेघांच्या कडा आधी तांबूस होतात,
एका कोपऱ्यातून रस्सा बुडबुडत डोकावतो.
बाबा खुर्चीत मागे रेलून डोळे मिटतात,
आणि मी भांडी विसळायला वळते न वळते तोच
मागून आवाज येतो,
"फाटक लावलंस ना गं?"

मी हात पुसते.
ओव्हनचं दार पुन्हा एकदा
दाबून बघते.